लठ्ठ रुग्णात स्टोमाची जागा: बेंबीच्या वर की खाली, आणि आतडं पोचलंच नाही तर?

रेसिडेंट_तिसरं_वर्ष

गुदाशयाच्या कॅन्सरच्या एका रुग्णाच्या स्टोमा मार्किंगबद्दल, म्हणजे मल बाहेर काढायला पोटावर आतड्याचं तोंड कुठे करायचं त्या खुणेबद्दल, विचारायचं आहे. बाई, वय ५८, बीएमआय ४१, पोटाचा ओघळ जांघेपर्यंत येतो. गाठ गुदद्वाराच्या कडेपासून ५ सेंमीवर, केमोरेडिएशन पूर्ण झालेलं. लॅप्रोस्कोपिक लो अँटीरियर रिसेक्शन (दुर्बिणीतून गुदाशयाचा गाठ असलेला भाग काढणं) ठरलं आहे. आतड्याला जोड देता आला तर त्याच्या संरक्षणासाठी तात्पुरती लूप इलिओस्टोमी (लहान आतड्याचं वेटोळं बाहेर काढून केलेला स्टोमा), आणि स्फिंक्टर (गुदद्वाराचा स्नायू) वाचवता आला नाही तर कायमची एंड कोलोस्टोमी (मोठ्या आतड्याचं टोक बाहेर काढून केलेला स्टोमा). म्हणजे खुणा दोन्ही बाजूंना लागणार.

बेंबी आणि कमरेच्या हाडाचं पुढचं टोक यांच्या मधोमध, रेक्टसच्या (पोटाच्या उभ्या स्नायूच्या) आत, अशी नेहमीची खूण उजवीकडे केली. आडवं असताना जागा छान सपाट दिसते. बसवलं की खूण घडीत गडप होते, आणि बाईंना स्वतःला ती बसूनही दिसत नाही, उभं राहूनही नाही. बेंबीच्या वर जायचं तर नेमकं किती आणि कुठे? दुसरी भीती अशी की पोटाची भिंत इतकी जाड असताना इलियम (लहान आतड्याचा शेवटचा भाग) किंवा डावं कोलन (मोठं आतडं) तिथवर पोचेल का? न पोचल्यास टेबलावर काय काय करता येतं?

स्टोमासिस्टर

डॉक्टर, ती खालची खूण पुसा. लठ्ठ पोटात बेंबीखालचा भाग बहुतेक वेळा सगळ्यांत जाड, सगळ्यांत हलणारा आणि रुग्णाच्या नजरेआडचा असतो. उभं राहिलं की ओघळाबरोबर तिथली त्वचा काही सेंटीमीटर खाली उतरते आणि बसलं की घडीत जाते. पोटाच्या खालच्या उतारावर स्टोमा आला की पातळ मल फ्लँजच्या (बॅगेच्या त्वचेला चिकटणाऱ्या चकतीच्या) खालच्या कडेशी साचतो, भरलेल्या बॅगेचं वजनही तीच कड ओढतं, आणि गळती तिथूनच सुरू होते. शिवाय जे दिसत नाही ते बाईंना स्वतः साफ करता येणार नाही, म्हणजे दर बदलाला दुसऱ्या कोणाचे तरी हात लागणार.

मार्किंगला अर्धा तास द्या, आदल्या दिवशी किंवा त्याहून आधी. भूल दिल्यावर टेबलावर केलेलं मार्किंग अशा पोटात जवळजवळ निरुपयोगी.

सुरुवात बसवून करा. खुर्चीवर, पाय जमिनीला टेकलेले, पोट सैल सोडलेलं. ज्या ज्या ठिकाणी घडी पडते तिथे पेनाने रेघ ओढा. मग पुढे वाकायला सांगा, दोन्ही बाजूंना वळायला सांगा, उभं करा, जमिनीवरची वस्तू उचलल्यासारखं करायला लावा. प्रत्येक वेळी नवी घडी दिसली की नवी रेघ. या रेघांमध्ये जो भाग कोराच राहतो, तिथेच जागा शोधायची. आडवं करणं सगळ्यांत शेवटी, तेही फक्त रेक्टस चाचपण्यासाठी. डोकं उशीवरून उचलायला सांगितलं की स्नायूची बाहेरची कड हाताला लागते. चरबी फार असेल तर लागत नाही. अशा वेळी स्टेजिंगसाठी (कॅन्सर किती पसरलाय ते ठरवायला) काढलेला सीटी उघडा आणि बेंबीच्या पातळीवर व तिच्या ४-५ सेंमी वर दोन मापं घ्या: मध्यरेषेपासून रेक्टसची बाहेरची कड किती लांब, आणि त्वचेपासून फॅशियापर्यंत (स्नायूवरच्या चिवट आवरणापर्यंत) चरबी किती जाड. सीटी आडवं झोपवून काढलेला असतो, म्हणून त्यावरून स्नायू शोधायचा. जागा मात्र बसलेल्या पोटावरच ठरते.

कोऱ्या भागावर प्रत्यक्ष वापरायची फ्लँज ठेवून बघा. मध्यापासून चारही बाजूंना साधारण ५ सेंमी सपाट त्वचा हवी. वरची कड फासळ्यांना लागू नये, नाहीतर वाकलं की फ्लँज उचकटते. बेंबी, जुने व्रण आणि मध्यरेषेत होऊ शकणारी चीर यांच्यावर फ्लँज चढू नये. बाईंमध्ये आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते: स्तन जड असतील तर फार वर गेलेला स्टोमा त्यांच्या आड जातो आणि अंतर्वस्त्राची पट्टी नेमकी फ्लँजवर येते. त्यामुळे नेहमीचे कपडे घालूनही एकदा तपासा. जागा ठरली की बाईंनाच त्या ठिपक्यावर बोट ठेवायला सांगा, आरसा न घेता, बसून आणि उभं राहून. बोट पटकन पोचलं तर जागा बरोबर.

दोन्ही बाजूंना दोन-दोन खुणा करा आणि पसंतीचा क्रम आकड्यांनी लिहा. पहिली पसंती बेंबीच्या वर. दुसरी तिच्याहून थोडी बाजूला किंवा थोडी वर, पण तीही घडीबाहेरची. बेंबीखालचा पट्टा केस पेपरवर रेखाटून ‘इथे नको’ असं स्पष्ट लिहा, कारण शस्त्रक्रियेत अडचण आली की हात सवयीने खालीच जातो. शक्य असेल तर बॅगेत १०० मिली पाणी भरून पहिल्या जागेवर चिकटवा आणि काही तास वावरू द्या. राहिलेला दोष तेव्हा कळतो.

आतड्याचा_सर्जन

सिस्टरांनी जागेचं सगळं सांगितलंच आहे. त्यांचं मार्किंग टेबलावर मोडावं लागू नये म्हणून काय करायचं, ते सांगतो.

आधी साधं गणित. लूप इलिओस्टोमीला आतड्याचा माथा फॅशियाच्या आतून निघून त्वचेच्या वर सुमारे ३ सेंमी यायला हवा. बेंबीखाली चरबी ७ सेंमी आणि स्नायूसह फॅशिया २ सेंमी धरला तर एकूण १२ सेंमी. त्याच पोटात बेंबीच्या वर चरबी ४ सेंमी असेल तर ९ सेंमी पुरतात. वर जाण्याचा फायदा रुग्णाच्या नजरेपुरता नाही, मेसेंटरीवरचा (आतड्याला रक्त पुरवणाऱ्या पडद्यावरचा) ताणही त्याने कमी होतो. सीटीवरची ती दोन मापं म्हणूनच सोन्यासारखी. एंड इलिओस्टोमी असेल तर आतडं उलटवायचं असतं, त्यामुळे त्वचेबाहेर ५-६ सेंमी लागतं आणि हिशेब आणखी कडक होतो.

इलियमचा शेवटचा भाग खाली उजवीकडे बांधलेला असतो, म्हणून इलिओसीकल झडपेच्या (लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरच्या झडपेच्या) अगदी जवळची लूप वर येत नाही. झडपेपासून २०-३० सेंमी मागची, जिची मेसेंटरी सगळ्यांत लांब आहे अशी लूप निवडा. तरीही ओढ लागत असेल तर सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात) आणि इलियमच्या मेसेंटरीचं मूळ मागच्या भिंतीपासून ड्युओडेनमपर्यंत (लहान आतड्याच्या पहिल्या भागापर्यंत) मोकळं करा. फार मागे जाऊ नका, कारण जितकं वरचं आतडं बाहेर काढाल तितकं पाणी आणि मीठ जास्त जाणार.

लॅप्रोस्कोपीत फसगत पोट फुगवायला भरलेल्या गॅसमुळे होते. पोट फुगलेलं असताना त्वचा, चरबी आणि फॅशिया यांचे थर एकमेकांवरून सरकलेले असतात. फुगलेल्या पोटात छिद्र पाडलं की गॅस सोडल्यावर तेच छिद्र तिरकं होतं आणि आतडं त्यात मुरगळतं. गॅस सोडा, टेबल सपाट करा, मग छिद्र पाडा. त्वचेचा गोल सुमारे ३ सेंमी. चरबीतून सरळ खाली, फॅशियाला त्वचेच्या बरोबर खालीच चीर, रेक्टसचे तंतू लांबीत बाजूला सारायचे, स्नायूमागच्या एपिगॅस्ट्रिक रक्तवाहिन्या सांभाळायच्या. एरवी दोन बोटांचं छिद्र पुरतं. मेसेंटरी जाड असेल तर तीन बोटं द्यावी लागतात. त्याने पुढे हर्नियाची शक्यता वाढते हे मान्य, पण घट्ट छिद्रात शिरा दाबून निळा पडलेला स्टोमा त्याहून वाईट.

जाड भिंतीतून आतडं ओढताना मेसेंटरी फाटते, एपिप्लोइक चरबी (कोलनला लटकणारे चरबीचे गोळे) अडकते. छोट्या आकाराचा वूंड प्रोटेक्टर त्या छिद्रात बाहीसारखा बसवा, त्यातून आतडं घसरत वर येतं. आलं की रिंग कापून प्रोटेक्टर काढून टाका. लूपची वरची बाजू (जिथून मल येतो) आणि खालची बाजू वेगळ्या टाक्यांनी आधीच ओळखून ठेवा, आणि टाके घालण्याआधी पुन्हा गॅस भरून आतून एकदा बघा की पीळ पडलेला नाही.

कोलोस्टोमी करावी लागली तर डावीकडे वर काढणं उलट सोयीचं, कारण स्प्लेनिक फ्लेक्शर (प्लीहेजवळचं कोलनचं वळण) पूर्ण सोडवला की डिसेंडिंग कोलन तिथे आपसूक येतं. आयएमए (डाव्या कोलनची मुख्य धमनी) मुळाशी आणि आयएमव्ही (तिथली शीर) स्वादुपिंडाच्या खालच्या कडेशी बांधली की बरीच लांबी मिळते. मार्जिनल आर्टरी (कोलनच्या कडेने जाणारी धमनी) मात्र शाबूत हवी. रेडिएशनच्या क्षेत्रात आलेला सिग्मॉइड (कोलनचा शेवटचा भाग) स्टोमासाठी वापरू नका. टोक बाहेर काढून कापलेल्या कडेतून रक्त चांगलं येतंय ना हे बघा. टोकाजवळची मेसेंटरी ‘पातळ’ करायचा मोह टाळा, लटकणारी एपिप्लोइक चरबी काढली तर चालते.

इतकं करूनही टोक नीट येत नसेल तर एंड-लूप करा. टोक स्टेपल करून आतच ठेवायचं आणि त्याच्या थोडं मागचा, मेसेंटरीसकट येणारा भाग लूपसारखा बाहेर काढून उघडायचा. टोकाचा रक्तपुरवठा काठावर असतो, मागच्या भागाचा बरा असतो, आणि लूपला ओढही कमी लागते. लठ्ठ रुग्णात हा उपाय पुरेसा वापरला जात नाही, याचं वाईट वाटतं.

जनरल_सर्जन_जिल्हा

सर, एका मुद्द्यावर मत वेगळं आहे. ७-८ सेंमी चरबीतून आतडं ओढत बसण्यापेक्षा स्टोमाभोवतीची चरबीच कमी का करू नये? आणि इलियम पोचत नसेल तर ट्रान्सव्हर्स (आडव्या कोलनची) लूप कोलोस्टोमी वर उजवीकडे सहज येते. तिचं तोंड मोठं असतं, पण पाण्याचा तोटा नाही.

आतड्याचा_सर्जन

चरबीबद्दल दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. छिद्राभोवती चरबीचा गोळा कोरून काढणं, ही चूक. ती पोकळी नंतर भरते तेव्हा त्वचा आत ओढली जाते, स्टोमा खळग्यात बसतो, मधल्या काळात तिथे पाणी किंवा पू साचू शकतो. दुसरी पद्धत म्हणजे त्वचेचा रुंद फ्लॅप उचलून स्कार्पाच्या थराखालची (चरबीतल्या पातळ पडद्याखालची) चरबी एकसारखी पातळ करणं, त्वचेखालचं रक्ताचं जाळं जपून, आणि सक्शन ड्रेन ठेवून. ती चांगली पद्धत आहे. फक्त वेळ लागतो, सेरोमा (त्वचेखाली पाणी साचणं) आणि जखमेचा संसर्ग होतो, आणि कॅन्सरच्या रुग्णात जखम चिघळली की केमो लांबते. म्हणून तात्पुरत्या इलिओस्टोमीसाठी मी ती सुचवणार नाही. कायमची कोलोस्टोमी, अतिजाड भिंत आणि वरची जागाही अपुरी, असं असेल तर जरूर विचार करावा.

ट्रान्सव्हर्स कोलोस्टोमीचं म्हणाल तर या बाईंच्या बाबतीत धोका वेगळाच आहे. आयएमए मुळाशी बांधल्यावर खाली नेलेलं कोलन मिडल कोलिककडून (आडव्या कोलनच्या धमनीकडून) मार्जिनल आर्टरीने येणाऱ्या रक्तावर जगतं. पुढे ती कोलोस्टोमी बंद करताना मार्जिनल आर्टरीला धक्का लागला तर खालचा अख्खा भाग धोक्यात येतो. त्याशिवाय लठ्ठ रुग्णात ओमेंटमसकट (आतड्यांवरच्या चरबीच्या पदरासकट) मोठं छिद्र, प्रोलॅप्स (आतडं बाहेर घसरणं), हर्निया, वास. इलियम खरंच पोचत नसेल किंवा मूत्रपिंडं इतकी नाजूक असतील की पाण्याचा तोटा झेपणार नाही, तर ती निवड योग्य. एरवी इलिओस्टोमीच.

रेसिडेंट_तिसरं_वर्ष

दोन छोट्या शंका. ताण वाटला तर लूपखाली रॉड (आधाराची काडी) ठेवावा का? आणि एंड कोलोस्टोमी झालीच तर स्टोमाजवळचा हर्निया टाळायला प्रतिबंधक जाळी घालावी का?

स्टोमासिस्टर

रॉडने स्टोमा आत जाणं कमी होतं असं तुलनात्मक अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट त्याच्यामुळे फ्लँज नीट कापता येत नाही, खालून गळती होते, त्वचेवर दाबाचे व्रण पडतात, आतड्याला सूज येते. ताण आहे म्हणून रॉड ठेवणं म्हणजे ताण तसाच ठेवणं. तरी सर्जनने ठेवलाच तर त्वचेला टाचलेला कडक रॉड नको, मऊ आणि लहान हवा, आणि तो ३ ते ५ दिवसांत निघायला हवा.

आतड्याचा_सर्जन

जाळी: ठरवून केलेल्या कायमच्या एंड कोलोस्टोमीत ती घालण्याची शिफारस आहे, युरोपियन हर्निया सोसायटीने २०१८ च्या मार्गदर्शिकेत ती केली होती. पण सगळ्या चाचण्यांत फायदा सारखा दिसलेला नाही. पोटात मल सांडलेला असेल तर नकोच. एक्स्ट्रापेरिटोनियल मार्गाने (पोटाच्या आतल्या अस्तराच्या बाहेरून) काढलेल्या कोलोस्टोमीत हर्निया कमी होतो, मात्र त्या मार्गाला आतड्याची लांबी जास्त लागते आणि लठ्ठ रुग्णात नेमकी तीच कमी असते. रेक्टसमधून काढल्याने हर्निया कमी होतोच याचा भक्कम पुरावा नाही. तरी स्नायूतून काढलेल्या स्टोमाला भोवती सपाट आधार मिळतो, त्यासाठी ते करत राहावं.

इमर्जन्सी_ड्युटी

हे सगळं ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेचं झालं. आतडं बंद झालेला लठ्ठ रुग्ण रात्री येतो, पोट टरारलेलं, बसणं जमत नाही. तिथे काय?

स्टोमासिस्टर

पाच मिनिटं तरी काढा. पाठ उचलता येत असेल तितकी उचला, गुडघे दुमडा आणि ओघळ दोन्ही हातांनी वर ढकलून घड्या कुठे पडतात ते बघा. जुन्या घड्यांच्या जागी त्वचा काळसर किंवा ओलसर असते, त्या खुणाही उपयोगी. टरारलेलं पोट नंतर बसतं तेव्हा आज सपाट दिसणारी जागा खाली उतरते आणि आत वळते, म्हणून वाटतं त्याहून थोडी वरचीच जागा धरा. काहीच समजलं नाही तर बेंबीच्या वर, रेक्टसच्या आत, फासळ्यांपासून ५ सेंमी खाली.

शस्त्रक्रियेनंतरचंही सांगते, कारण चांगल्या जागेचा स्टोमाही पहिल्या आठवड्यात बिघडू शकतो. पहिली बॅग पारदर्शक लावा. रंग दर पाळीला बघा. लालसर, ओलसर हवा. काळपट दिसला तर वंगण लावलेली काचेची छोटी नळी हळूच आत घालून टॉर्चने बघा. काळेपणा फॅशियाच्या वरच संपत असेल तर थांबून लक्ष ठेवता येतं, फॅशियाच्या खाली जात असेल तर सर्जनला त्याच क्षणी बोलवा. जाड भिंतीत ही मर्यादा डोळ्यांनी ठरवणं अवघड असतं, म्हणून चरबीची जाडी केस पेपरवर लिहिलेली असावी.

बाई पहिल्यांदा बसतील तेव्हा समोर उभं राहून फ्लँज बघा. कड कुठे उचलते ते तेव्हाच दिसतं. तिथे रिंग सील किंवा पेस्ट भरा, फ्लँजचं छिद्र स्टोमापेक्षा २-३ मिमीच मोठं ठेवा. इलिओस्टोमीची चोच (त्वचेबाहेर आलेला भाग) अडीच-तीन सेंमी हवी. १ सेंमीच्या खाली असेल तर त्रासाची तयारी ठेवा. तिथे मऊ कॉन्व्हेक्स (त्वचेकडे फुगीर) फ्लँज आणि बेल्ट पहिल्यापासून वापरता येतात. कडक कॉन्व्हेक्स मात्र त्वचा आणि आतडं यांचा टाका सुटत असेल तर नको. पहिल्या सहा आठवड्यांत स्टोमा त्वचेच्या अर्धा सेंमी खाली गेला तर तो आत ओढला गेला असं धरायचं आणि सर्जनला दाखवायचं. माप दर आठवड्याला नव्याने घ्या, सूज सहा ते आठ आठवडे उतरत राहते. केमोच्या काळात वजन उतरलं की सपाट जागेवर नवी घडी पडते, तेव्हा फ्लँजही बदलावी लागते. बॅग एकतृतीयांश भरली की रिकामी करायला शिकवा, लठ्ठ पोटावर जड बॅग फार लवकर सुटते.

इलिओस्टोमी असेल तर २४ तासांतला स्राव मोजायला घरीही सांगा. दीड लिटरच्या वर जात असेल तर वाट न बघता कळवायचं.

रेसिडेंट_तिसरं_वर्ष

सिस्टर, सर, मनापासून आभार. आज बसवून पुन्हा मार्किंग केलं. उजवीकडे आणि डावीकडे बेंबीच्या ५ सेंमी वर जागा मिळाली, दोन्ही ठिपके बाईंनी स्वतः बोटाने दाखवले. सीटीवर चरबी तिथे ३.८ सेंमी आणि नेहमीच्या जागी ६.९ सेंमी निघाली. आता एकच काळजी, अँटिसेप्टिकने पोट धुताना खूण पुसली गेली तर?

स्टोमासिस्टर

सर्जिकल मार्करने खूण करून वर पारदर्शक फिल्म लावा आणि आंघोळीच्या वेळी ती ओली झाली तर बदला. टेबलावर भूल दिल्यानंतर, पण पोट धुण्याआधी, फिल्म काढून निर्जंतुक सुईच्या टोकाने प्रत्येक खुणेवर त्वचेवर फुलीसारखे हलके ओरखडे काढा. ते धुतल्यावरही दिसतात. ओघळ ड्रेपखाली वर किंवा खाली खेचला गेला की मोकळ्या डोळ्यांना जागा चुकीची वाटते. तेव्हा ओरखड्यावर विश्वास ठेवा, डोळ्यांवर नाही. आणि क्रमांक एक कुठला हे टाइम-आउटच्या वेळी (चीर देण्याआधी टीम थांबून खातरजमा करते तेव्हा) मोठ्याने वाचून घ्या.